वाहनतळाची उत्तम सोय आहे

निमंत्रणपत्रिका या वाङ्मयप्रकाराकडे आपल्या समीक्षकांनी अक्षम्य दुर्लक्ष केले आहे. वास्तविक मराठी माणूस वर्षाकाठी कादंबरी एखादी वाचत असेल-नसेल, पत्रिका मात्र पंधरा-वीस वाचतो. त्याही पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, कारण आपले नाव निमंत्रकांत आहे की नाही हे त्याला पाहायचे असते.

लग्नाचीच पत्रिका घ्या. वर गणपती. त्याखाली कुलस्वामिनी. मग पणजोबांपासून सुरू होणारी वंशावळ. मग 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' असे, अजून बोलताही न येणाऱ्या मुलांचे लाडिक निमंत्रण. मग 'आपली उपस्थिती हाच आहेर' हे वाक्य. ते वाचून प्रत्येक जण न चुकता पाकीट घेऊन जातो. आणि अगदी तळाला, बारीक टायपात, पण छातीठोकपणे: 'वाहनतळाची उत्तम सोय आहे.'

माझे भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे.

या वाक्याने तुम्ही कसे येणार हा प्रश्न परस्पर सोडवून टाकलेला असतो. तुम्ही मोटारीने येणार. तुमच्याकडे मोटार नसेल तर? असे काही पत्रिकेच्या मनातच येत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत घरी आलेल्या सगळ्या पत्रिका मी एका खोक्यात साठवल्या आहेत. (आमच्या सौभाग्यवती त्या खोक्याला 'रद्दी' म्हणतात, पण संशोधकाच्या वाट्याला हे यायचेच.) त्यांत लग्ने आहेत, मुंजी आहेत, साठीशांती आहेत, गाण्याचे जलसे, पुस्तकप्रकाशने आणि एक श्वानप्रदर्शनही आहे. त्यांतल्या एकीवरही 'अमुक नंबरची बस कार्यालयाच्या दारात थांबते' एवढे साधे वाक्य नाही. मुहूर्त मात्र दुपारी बारा वाजून सदतीस मिनिटांचा! ज्या यजमानाला ग्रहांचे वेळापत्रक मिनिटामिनिटाने पाठ, त्याला कोपऱ्यावरच्या बसचे ठाऊक नसावे?

"अहो, बसने कोण येतं हल्ली?" हे यावरचे ठरलेले उत्तर. मला ते उत्तर पटत नाही. बसने कोणी येत नाही म्हणून बस छापत नाहीत, की बस छापत नाहीत म्हणून बसने कोणी येत नाही? कोंबडी आधी की अंडे आधी हे मला सांगता येणार नाही. पण पत्रिका आधी आणि पाहुणा नंतर, एवढे नक्की.

आता कोणी म्हणेल की एवढ्या-तेवढ्यावरून हा गृहस्थ का तापतो? तर तापण्याचा विषय म्हणूनच तो काढला आहे. आमच्या शेजारी एक निवृत्त अभियंते राहतात. निवृत्त झाल्यापासून त्यांच्यापाशी वेळ आणि पेन्सिल या दोन गोष्टी भरपूर असतात. त्यांनी एका पत्रिकेच्या पाठीवरच मला हिशेब करून दाखवला. समजा, साडेतीनशे पाहुणे. मोटारीमागे तिघे धरून एकशे वीस मोटारी. कार्यालय गावाबाहेर, जाऊन-येऊन तीस किलोमीटर. झाले तीन हजार सहाशे किलोमीटर. लिटरला पंधरा पडतात असे धरले तर दोनशे चाळीस लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वर जातो. म्हणजे एका लग्नाच्या नुसत्या येण्या-जाण्याचे साडेपाचशे किलो.

"थांबा," मी म्हणालो. "लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो असतं. त्यातून सव्वादोन किलोंवर माल कसा निघेल?"

"जळताना ते हवेतला ऑक्सिजन खातं ना! त्याचं वजन त्यात मिळतं."

हे मात्र मला लगेच पटले. पाऊण किलोने लग्नाला जायचे आणि तिप्पट होऊन बाहेर पडायचे, हा अनुभव माझ्याही शरीराला आहे.

"आता हेच साडेतीनशे लोक चव्वेचाळीस आसनांच्या आठ बसगाड्यांत घाला," अभियंते पुढे म्हणाले. "लिटरला पाच किलोमीटर धरले तरी अठ्ठेचाळीस लिटर डिझेल. डिझेलचे लिटरला २.७ किलो. झाले एकशे तीस किलो. गाड्या एका बाजूने रिकाम्या येतील-जातील म्हणून दुप्पट धरा. तरी निम्म्याहून कमी!" एवढे बोलून त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि चहा मागितला.

हा झाला एका लग्नाचा हिशेब. मोठ्या सोहळ्यांचाही सूर तोच. २०२२ साली कतारला फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. तिच्यापायी सुमारे ३६ लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल असा अंदाज स्पर्धा भरवणाऱ्या फिफानेच आधी काढला होता. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा प्रवासाचा होता. म्हणजे खेळणारे बावीस, बघणारे लाखो, आणि खरी धावपळ बघणाऱ्यांची! तेव्हा जो यजमान पत्रावळीपासून पताकांपर्यंत सगळे 'पर्यावरणपूरक' करतो आणि लोक कसे येतात ते मात्र विचारत नाही, तो घरातला नळ धो-धो वाहता ठेवून कुंडीतले पाणी चमच्याने मोजत बसलेला असतो.

असा यजमान मी जवळून पाहिला आहे. मागे एका संस्थेने 'पर्यावरण आणि आपण' हा परिसंवाद ठेवला होता. पत्रिका रद्दी कागदापासून बनवलेल्या खरखरीत कागदावर. तिच्यात बिया दडवलेल्या. वाचून झाली की मातीत पेरायची. (माझी अजून उगवलेली नाही.) स्थळ मात्र शहराबाहेर अठरा किलोमीटरवर, हमरस्त्याच्या एका फाट्यापासून आत, डोंगराच्या कुशीत. मी दोन बस बदलल्या, मग एका टमटममध्ये सहाजणांच्या जागेत नववा बसलो आणि उरलेला किलोमीटर मालमोटारींचे भोंगे ऐकत चाललो. फाटकाशी पोचलो तर तिथे मोटारींसाठी आडवी दांडी होती. चालत येणाऱ्यांसाठी दारच नव्हते. पहारेकऱ्याने मला आपादमस्तक न्याहाळले.

"गाडी कुठाय?"

"गाडी नाही."

"मग भांडी कुठायत?"

मी केटररकडचा माणूस नसून श्रोता आहे, हे त्याला पटवायला पत्रिका दाखवावी लागली. शेवटी मी दांडीखालून वाकून आत गेलो. पर्यावरणापुढे नतमस्तक व्हावे म्हणतात, ते असे.

आत गारठा इतका की वक्त्यांना दिलेल्या शाली श्रोत्यांना द्यायला हव्या होत्या. प्रमुख वक्ते दुसऱ्या शहरातून सकाळच्या विमानाने आले होते आणि संध्याकाळच्या विमानाने परतणार होते. मधल्या वेळात त्यांनी आम्हाला 'वैयक्तिक जबाबदारी'वर सुनावले. मग उभे राहून सर्वांनी शपथ घेतली. निघताना प्रत्येकाला एकेक रोप भेट मिळाले. वाहनतळावर एका सदस्यांनी माझ्या हातातले रोप पाहून विचारले, "तुम्ही बसने आलात? वा! आदर्श! सगळ्यांनी असंच करायला हवं." आणि आपल्या रिकाम्या मोटारीच्या पुढच्या सीटवर त्यांनी आपले रोप नीट बसवले, त्याला पट्टा लावला आणि ते निघून गेले. त्या रोपाइतका मानाचा प्रवास त्या दिवशी मला घडला नाही.

या लोकांचा हेतू वाईट नसतो. पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे: कार्यक्रम आमचा, येणे तुमचे. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. ज्याने बोलावले त्याने वाट दाखवली पाहिजे. मांडवात पाहुण्याला तहान लागेल म्हणून यजमान पाण्याची सोय करतो. 'तहानेवर संयम ठेवा' असे व्याख्यान देत नाही. मग प्रवासाच्या बाबतीतच पाहुण्याला शपथ आणि मोटारीला सोय, हा कुठला न्याय?

सोयसुद्धा केवढी! एक मोटार उभी करायची आणि वळवायची तर पंचवीसेक चौरस मीटर, म्हणजे अडीचशे चौरस फुटांहून जास्त जागा लागते. मुंबईत एवढ्या जागेत दोन-दोन पिढ्यांचे संसार झाले. पंगतीत पाहुण्याला मांडी घालायला दोन हात जागा मिळत नाही, आणि त्याच्या मोटारीला मात्र स्वतंत्र खोली! तीही फुकट. देवळात चपला ठेवायला पैसे पडतात. कार्यालयात मोटार ठेवायला पडत नाहीत.

"पूर्वीचं काही सांगू नका," असे आमचे चिरंजीव मला नेहमी बजावतात. म्हणून मी पूर्वीचे थोडकेच सांगतो. पूर्वी वऱ्हाड एस.टी.ने जात असे. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. पुणे आणि अहमदनगर (म्हणजे आजचे अहिल्यानगर) यांच्यात धावली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या किती नवरदेवांनी तिच्या खिडकीतून मुंडावळ्या उडू दिल्या असतील याची गणती नाही. मागच्या बाकांवर भेंड्या, पुढच्या बाकावर विहिणीचा रुसवा, मध्ये कोणाला तरी गाडी लागलेली. दोन्ही घरांची ओळख मांडवात नव्हे, त्या गाडीतच होत असे. पण ही नुसती आठवण नाही, म्हणून सांगतो. एस.टी. आजही लग्नाला गाडी देते. तिच्या सरकारी भाषेत याला 'प्रासंगिक करार' म्हणतात. लग्नाला प्रासंगिक करार म्हणणे हा त्या खात्याचा विनोद असेल, पण गाडी खरी आहे. साखरपुड्याच्या ड्रोन-छायाचित्रणावर खर्च करणाऱ्या घराने बसचा खर्च परवडत नाही असे म्हटले, तर मी ते हसण्यावारी नेईन.

नाटकवाल्यांनाही ही अक्कल होती. दादरचे शिवाजी मंदिर घ्या, गिरगावचे साहित्य संघ मंदिर घ्या. स्टेशनावर उतरावे आणि चालत नाटकाला जावे. शेवटची लोकल हे त्या रंगभूमीवरचे एक अदृश्य पात्रच होते. तिसरा अंक फार लांबला तर नायिकेच्या डोळ्यांत पाणी आणि प्रेक्षकाचा डोळा मनगटावर. नाटककाराच्या लेखणीला समीक्षकांपेक्षा त्या लोकलनेच अधिक शिस्त लावली असावी. गाण्याचे म्हणाल तर त्याहून सोपे होते. मैफल रात्रभर चालायची, भैरवी पहाटे व्हायची आणि लोक सकाळच्या पहिल्या बसने घरी जायचे. आता रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. आजूबाजूच्यांनी झोपायचे कधी? पण त्या बंदीने मैफल दहाला संपवली, तिथे घरी जायचे कसे ते सांगणे आयोजकांकडे राहिले. त्यांनी ते सांगितले नाही. त्यांनी मैफल गावाबाहेरच्या मैदानावर नेली आणि पत्रिकेवर काय छापले, ते तुम्हाला आता पाठ झाले असेल.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. बाईंनी चाळीस वर्षांत गाणे चुकवले नव्हते. स्वेटर, थर्मास आणि घडीची सतरंजी घेऊन निघालेल्या बाई दिसल्या की आम्ही थंडी सुरू झाली असे समजत असू. गेली काही वर्षे त्या जात नाहीत. गुडघे ठीक आहेत, कानही ठीक आहेत. परतीची बस नाही, एवढेच. रात्री दहाला त्या फाट्यावर रिक्षावाला जो आकडा सांगतो तो त्यांच्या पेन्शनच्या मानाने फार मोठा आहे. "कोणाच्या गाडीत जागा मागायची म्हणजे त्यांना आपल्यासाठी थांबावं लागतं. नको वाटतं," असे त्या म्हणाल्या. परवा जिन्यात त्यांनी मला थांबवून विचारले, "शेवटी काय गायले हो?" मी रागाचे नाव सांगितले. त्या क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि मग पिशवी उचलून वर गेल्या.

आयोजकांच्या अहवालात 'विक्रमी गर्दी' असे वाक्य होते. त्या गर्दीत बाई नव्हत्या, याची नोंद कोण ठेवणार? आलेल्यांची डोकी मोजता येतात. ज्यांना येता आले नाही त्यांची डोकी घरी उशीवर असतात. मोटारीच्या धुराबद्दल कोणाला काही वाटत नसेल तर निदान या डोक्यांबद्दल तरी वाटावे. दोन्ही रोगांवर औषध एकच आहे.

माझ्या या मतावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. त्यांतले बरेचसे आमच्या घरीच घेतले जातात. पहिला: "शालू आणि दागिने घालून बसमध्ये कोण चढेल?" मान्य. म्हणूनच यजमानाने बस ठरवावी; सगळ्याच शालूवाल्या एका गाडीत असल्या म्हणजे भीती फक्त एकमेकींच्या शालूंची. दुसरा: "म्हाताऱ्या माणसांना मोटारच बरी." ज्यांना कोणी ने-आण करील त्यांनी खुशाल मोटारीने यावे, पण रात्री हमरस्त्यावर मोटार हाकायला सर्वांत जास्त घाबरतात ती म्हातारी माणसेच, आणि एस.टी.त पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून तिकीटच पडत नाही. तिसरा: "आता विजेच्या मोटारी आल्या." आल्या, चांगले झाले. पण महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशावर होते, आणि विजेची मोटार काही घडी करून खिशात ठेवता येत नाही. तिलाही पंचवीस चौरस मीटर लागतातच. चौथा आक्षेप सर्वांत जुना: "आपल्याकडे हे जमणार नाही."

जमते. पुण्याचेच पाहा. २०२५ च्या गणेशविसर्जनाला पुण्याची मेट्रो ६ सप्टेंबरच्या सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी रात्री अकरापर्यंत न थांबता चालली, एकेचाळीस तास! त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्लीला ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा पुण्याहून साहित्यिकांची खास आगगाडी निघाली आणि संमेलन गाडीतच सुरू झाले. कविता आवडली नाही म्हणून उठून जायची सोय नाही, असे श्रोते मराठी कवींना यापूर्वी कधी लाभले नव्हते. आषाढीला एस.टी. पंढरपूरसाठी दरवर्षी हजारो जादा गाड्या सोडते. आणि वारीच्या नियोजनाबद्दल मी काय बोलावे? आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर लाखो माणसे चालतात. कोणती दिंडी कुठे, मुक्काम कोणत्या गावी, विसावा कुठे, सारे आधी ठरलेले. सामानाच्या मालमोटारी बरोबर असतात, पाण्याचे टँकर असतात. पण चालणे हा तिथे कार्यक्रमाला पोचण्याचा त्रास नसतो, तोच कार्यक्रम असतो. एवढा अनुभव गाठीशी असलेल्या लोकांना तीनशे पाहुणे गावाबाहेर नेऊन परत आणता येत नाहीत, यावर माझा विश्वास नाही.

परदेशाचे उदाहरण दिल्याशिवाय आपल्याला काही पटत नाही, म्हणून तेही देतो. जर्मनीत २००६ च्या विश्वचषकात सामन्याचे तिकीटच त्या दिवशी शहरातल्या बस-ट्रामला चालत होते. २०२४ च्या युरोपीय स्पर्धेत त्यांनी हीच सवलत छत्तीस तासांची केली. तिथे हे इतके अंगवळणी पडले आहे की गाण्याच्या, नाटकाच्या तिकिटांवरही अनेकदा प्रवासाचा हक्क छापलेला असतो. म्हणजे आयोजक सांगतो: तुम्ही तिकीट घेतलेत, आता तुम्ही घरी पोचेपर्यंत माझे पाहुणे.

तेव्हा तमाम वधुपिते, कार्यवाह, प्रकाशक आणि श्वानप्रदर्शक यांच्यापुढे माझ्या मागण्या अशा: जागा ठरवताना पंचांगाआधी बसचे वेळापत्रक पाहा. पत्रिकेवर बसचा नंबर, जवळचे स्टेशन आणि तिथून चालायला लागणारी मिनिटे छापा. शेवटची बस सुटण्याआधी अर्धा तास आभारप्रदर्शन आटोपा. त्यासाठी दोन हार कमी पडले तरी चालतील. जागा दूरच घ्यायची असेल तर स्टेशनापासून जाण्या-येण्याची बस तुम्ही ठरवा आणि ती वाहनतळाच्या भाड्यातून चालवा. मोटार ठेवायला पैसे घ्यायला लाजू नका. वक्ता आगगाडीने येऊ शकत असेल तर त्याला विमान दाखवू नका. आणि फाटकाच्या दांडीशेजारी माणसाला शिरता येईल एवढे एक दार ठेवा.

या मागण्या मान्य होईपर्यंत मी एक उद्योग आरंभला आहे. घरी पत्रिका आली की मी यजमानांना फोन करतो, अभिनंदन करतो आणि विचारतो, "कोणत्या बसने येऊ?" पलीकडे बराच वेळ शांतता पसरते. मग 'अहो, जरा इकडे या' अशी हाक ऐकू येते, मग कुजबुज, आणि मग कोणीतरी सांगते, "काका, आम्ही बघून कळवतो." आतापर्यंत तिघांनी कळवले. एकाने तर बस ठरवलीच. तुम्हीही विचारून पाहा. दहा जणांनी विचारले की यजमान चौकशी करील. पन्नास जणांनी विचारले की तो बस ठरवील. आणि शंभरांनी विचारले की एक दिवस पत्रिकेच्या तळाशी, बारीक टायपात, पण छातीठोकपणे, नवे वाक्य येईल: 'वाहनतळाची सोय नाही. येण्याची आणि घरी जाण्याची उत्तम सोय आहे.'

ती पत्रिका घेऊन वरच्या मजल्यावर मी स्वतः जाईन.